बिऱ्हाडाची पेटी

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. माणसाचे बिऱ्हाड मात्र पाठीवर मावत नाही. बदलीचा हुकूम आला की कपाट, पलंग, भांडीकुंडी, पुस्तके, शिवणयंत्र आणि माळ्यावरची वर्षानुवर्षे न उघडलेली ट्रंक, हे सारे घेऊन निघावे लागते. शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. या लेखात आपण बिऱ्हाड हलवण्याच्या एका साधनाचा इतिहास पाहणार आहोत. ते साधन म्हणजे घराच्या दाराशी येणारी, सामान भरून बंद केली की मुक्कामी पोहोचेपर्यंत न उघडणारी मोठी पेटी. जगाचा व्यापार आज ज्या पोलादी कंटेनरवर चालतो त्याची ही जवळची नातलग आहे, आणि काही बाबतींत त्याच्याहून वयाने मोठीही आहे.

आधी थोडा हिशेब

सामान हलवताना सर्वांत जास्त श्रम कशाला पडतात? अंतराला, असे प्रथम वाटते. पण गाडी धावत असताना माणसाला फारसे काम नसते. श्रम पडतात ते सामान चढवताना आणि उतरवताना. वस्तू फुटतात, हरवतात, चोरीला जातात त्याही बहुधा याच वेळी.

समजा, एका घरात २०० नग आहेत. ते आधी बैलगाडीने स्टेशनवर, मग आगगाडीने बंदरात, तेथून बोटीने परदेशी, पुन्हा आगगाडीने आणि शेवटी घोडागाडीने नव्या घरी जायचे आहेत. म्हणजे वाहने झाली पाच. प्रत्येक वाहनात प्रत्येक नग एकदा चढवायचा आणि एकदा उतरवायचा. एकूण उचलाउचल २ × २०० × ५, म्हणजे २००० वेळा.

आता हेच २०० नग एका मोठ्या पेटीत भरू. प्रत्येक नग एकदा पेटीत ठेवायचा आणि शेवटी एकदा बाहेर काढायचा, म्हणजे ४०० वेळा हात लागला. मधल्या प्रवासात फक्त पेटी दहा वेळा उचलायची. दोन हजारांच्या जागी ४१०! नगांची संख्या 'न' आणि वाहनांची संख्या 'व' मानली, तर पहिल्या रीतीत २ × न × व आणि दुसऱ्या रीतीत २ × न + २ × व इतकी उचलाउचल होते. गुणाकाराची जागा बेरजेने घेतली, एवढेच या शोधाचे गणित.

पण या सूत्राला आणखी एक बाजू आहे. वाहन एकच असेल तर? 'व'च्या जागी १ घालून पाहा. पेटी नसताना ४००, पेटी असताना ४०२. फायदा तर नाहीच, उलट जड पेटी उचलण्याची यारी हवी, हे वेगळेच. म्हणून गावातल्या गावात, किंवा एकाच ट्रकने दारापासून दारापर्यंत बिऱ्हाड जात असेल तेथे अशा पेटीची कोणाला आठवण होत नाही. जेथे वाहने बदलतात तेथेच पेटीला किंमत येते. तिचा इतिहास कोठे घडला असेल, याचा अंदाज या सूत्रावरून येतो. तो घडला रेल्वेच्या फलाटांवर आणि बंदरांच्या धक्क्यांवर.

घोडागाडीपासून लिफ्टपर्यंत

इंग्लंडमध्ये १८३० साली लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. त्या दशकात तिच्यावरून दगडी कोळसा साध्या चौकोनी लाकडी पेट्यांतून नेला जाई. लिव्हरपूलला यारीने पेटी उचलून थेट घोडागाडीवर ठेवत. वाहन बदले, पेटी बदलत नसे.

त्याच वर्षी लंडनच्या बेलग्रेव्हिया भागात 'पँटेक्निकॉन' नावाची मोठी इमारत उभी राहिली. ग्रीक भाषेतून जुळवलेल्या या नावाचा अर्थ 'सर्व कलांचे' असा काहीसा होतो. कलावस्तूंचा बाजार भरावा हा मूळ हेतू. पुढे ती घरसामान ठेवण्याचे कोठार बनली. १८७४ साली ती आगीत जळाली, पण सामान वाहणाऱ्या तिच्या बंदिस्त घोडागाड्यांनी तिचे नाव टिकवले. घरसामानाच्या गाडीला इंग्रजीत पँटेक्निकॉन म्हणू लागले. या गाड्यांचा मागचा आस वाकवलेला असे. त्यामुळे गाडीचा तळ जमिनीजवळ येई. सामान चढवणे सोपे होई आणि आत उंचीही मिळे. लांबच्या प्रवासात घोडे सोडून अख्खी गाडीच आगगाडीच्या सपाट वाघिणीवर चढवत. पुढची पायरी उघड होती. चाके तरी बरोबर कशाला न्यायची? दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटिश रेल्वे कंपन्या घरसामानासाठी लाकडी कंटेनर पुरवू लागल्या. ते आकाराने लहान होते, वर गोलसर छप्पर असे आणि एकावर एक रचण्याइतके ते मजबूत नव्हते. पण दाराशी येत आणि दाराशीच रिकामे होत.

समुद्रापलीकडे बिऱ्हाड न्यायचे तर याहून मोठी पेटी लागे. साधारण खोलीएवढी, जाड फळ्यांची, यारीने उचलता येईल अशी. तिला 'लिफ्टव्हॅन' म्हणत. जर्मनीत तिचे नाव आखडून नुसते 'लिफ्ट' झाले. हा छोटा शब्द पुढे हजारो कुटुंबांच्या आठवणीत राहिला.

यादी, मोहोर आणि लिलाव

१९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू नागरिकांना देश सोडणे भाग पडू लागले. रोख पैसा बाहेर नेण्यावर कडक बंधने होती. घरसामान मात्र नेता येई. पण तेही सहज नव्हे. प्रत्येक वस्तूची यादी सरकारी परकीय चलन कचेरीत आधी द्यावी लागे. टेबल, गादी, चमचे, मुलांची खेळणी, एकही वस्तू सुटता कामा नये. कोणती वस्तू १९३३ च्या आधी घेतली, कोणती नंतर, कोणती खास या प्रवासासाठी, हेही लिहावे लागे. नव्या वस्तूंवर कर बसे. तो कित्येकदा वस्तूच्या किमतीइतका किंवा त्याहून अधिक असे. यादी मंजूर झाली की जकात अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत सामान लिफ्टमध्ये भरायचे. मग पेटीला मोहोर लागे आणि ती हॅम्बुर्ग किंवा ब्रेमेनच्या बंदराकडे रवाना होई.

ज्यांचे सामान वेळेत पोहोचले त्यांनी पेटीचाही उपयोग केला. पॅलेस्टाइनमधील काही वसाहतींत रिकाम्या लिफ्ट झोपड्या आणि कोठ्या म्हणून वापरल्या गेल्या. सामान वाहून आणणारी पेटीच घर झाली.

सर्वांचे नशीब असे नव्हते. १ सप्टेंबर १९३९ रोजी दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि नागरी मालाची जहाजे थांबली. हजारो लिफ्ट बंदरांच्या गुदामांत अडकून पडल्या. त्यांचे मालक तोवर अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, पॅलेस्टाइनमध्ये पोहोचले होते, आणि काही तर निघूच शकले नव्हते. १९४१ च्या सुरुवातीपासून गेस्टापो या गुप्त पोलीस यंत्रणेने त्या पेट्या जप्त करून त्यांतल्या वस्तू लिलावात विकण्याचा सपाटा लावला. सामान्य लोकांनी पलंग, चादरी, भांडी घेतली. व्यापाऱ्यांनी, संग्रहालयांनी आणि ग्रंथालयांनीही खरेदी केली. पैसा सरकारच्या तिजोरीत गेला. नोव्हेंबर १९४१ च्या एका हुकुमाने देशाबाहेर राहणाऱ्या जर्मन ज्यूंचे नागरिकत्व आणि मालमत्ताच काढून घेण्यात आली. लुटीला कायद्याचा शिक्का मिळाला.

येथे थोडे थांबून विचार करावासा वाटतो. पेटीचा मोठा गुण हा की आत काय आहे हे वाहून नेणाऱ्याला कळावे लागत नाही. त्याच्यासाठी ती क्रमांक घातलेली एक वस्तू असते. त्यामुळे वाहतूक सोपी होते. पण याच गुणामुळे ज्याच्या हाती पेटी, त्याच्या हाती अख्खे घर येते. खोलीखोलीतून वस्तू ओढून नेण्याची गरज उरत नाही. गुदामाची किल्ली पुरते. पेटी चांगली की वाईट हे लाकडावर ठरत नाही. ती कोणत्या कायद्याच्या राज्यातून प्रवास करते, यावर ते ठरते.

या कथेला एक अनपेक्षित शेवटही आहे. ब्रेमरहाफेन येथील जर्मन सागरी संग्रहालयाने २०१८ पासून या हरवलेल्या लिफ्टांचा शोध हाती घेतला. संशोधकांना उपयोगी पडत आहेत त्या लिलावाच्या नोंदी आणि त्या काळी जुलमाने लिहून घेतलेल्या याद्या. कोणाचे काय होते हे आज त्यांच्यावरूनच शोधता येते.

अधिकाऱ्यांच्या संसारापासून युद्धभूमीपर्यंत

युद्ध संपल्यावर पेटीच्या गोष्टीने दुसरे वळण घेतले. अमेरिकेचे सैन्य आता देशोदेशी पसरले होते. अधिकाऱ्यांचे संसार सुरक्षित पोहोचावेत म्हणून सैन्याच्या वाहतूक विभागाने १९४० च्या दशकाच्या अखेरीस 'ट्रान्सपोर्टर' नावाची पोलादी पेटी तयार केली. लांबी साडेआठ फूट, रुंदी सव्वासहा फूट, उंची सुमारे सात फूट. एका बाजूला दुहेरी दार, खाली घसरपट्ट्या आणि वरच्या चार कोपऱ्यांवर उचलण्यासाठी कड्या. तिच्यात ९००० पौंड, म्हणजे चार टनांहून थोडे अधिक वजन मावे.

कोरियाच्या युद्धात लाकडी खोक्यांतला माल फुटू लागला, चोरीला जाऊ लागला. तेव्हा संसारासाठी केलेली ही पेटी लष्करी सामानासाठी वापरात आली. १९५२ साली तिला 'कोनेक्स' हे नाव मिळाले. जॉर्जियातील कोलंबसहून सॅन फ्रान्सिस्को व योकोहामामार्गे कोरियाला जाणाऱ्या मालाचा वेळ तिच्यामुळे जवळजवळ निम्मा झाला. अशा रीतीने गाद्या-भांड्यांवर पारखलेली कल्पना यंत्रांच्या सुट्या भागांना लागू पडली. यात नवल नाही. घरसामानाइतका विसंगत माल दुसरा नसतो. काचेचा आरसा, लोखंडी कपाट, पुस्तकांचे गठ्ठे आणि लोणच्याची बरणी एका पेटीत सुखरूप जाऊ शकत असतील, तर काहीही जाऊ शकेल.

तरीही बहुतेक माल जुन्याच रीतीने जात होता. त्यासाठी किती खर्च येतो हे १९५४ साली 'वॉरियर' या जहाजाच्या एका फेरीवरून मोजले गेले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन बंदरातून ते ब्रेमरहाफेनला निघाले. त्यात घरसामानासह १,९४,५८२ नग होते. गोदी कामगारांना ते भरायला सहा दिवस लागले, समुद्रप्रवासाला साडेदहा दिवस आणि उतरवायला चार. एकूण खर्चापैकी प्रत्यक्ष सागरी प्रवासाचा वाटा होता फक्त साडेअकरा टक्के. दोन्ही टोकांची चढ-उतार मात्र ३६.८ टक्के! आपल्या सूत्रातला 'न' येथे जवळजवळ दोन लाख आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे आश्चर्य वाटणार नाही.

दोनच वर्षांनी, २६ एप्रिल १९५६ रोजी, माल्कम मॅकलीन या ट्रकव्यावसायिकाचे 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. सुटा माल जहाजात भरायला तेव्हा टनामागे सुमारे ५.८ डॉलर लागत. या जहाजासाठी तो खर्च १६ सेंटच्या आसपास आला. मॅकलीनचे अभियंते कीथ टँटलिंगर यांनी कोपऱ्याची पोलादी बैठक आणि फिरवून बसणारे कुलूप यांची रचना केली. त्यामुळे पेट्या एकमेकींवर घट्ट बसू लागल्या. पण प्रत्येक कंपनीची पेटी वेगळ्या मापाची असेल तर सारे व्यर्थ. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९६१ साली त्यासाठी समिती नेमली. १९६३ साली मॅकलीनच्या कंपनीने या रचनेवरचा आपला हक्क सोडून ती सर्वांना खुली केली आणि १९६८ मध्ये मापांचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक आले. आज वीस फुटी पेटी मुंबईत भरा आणि रॉटरडॅममध्ये उचला, कोपरे जुळतातच.

ज्यांच्या हातांचे काम गेले

दोन हजारांच्या जागी ४१० हे गणित ज्याचे सामान आहे त्याला गोड लागते. उरलेल्या १५९० वेळा सामान उचलून ज्याचे पोट भरत होते, त्याचे काय? लंडनच्या जुन्या गोद्या १९६७ ते १९८१ या काळात एकामागून एक बंद झाल्या. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हॅरी ब्रिजेस यांच्या संघटनेने १९६० सालीच करार करून यंत्रांना वाट दिली, आणि बदल्यात कामगारांसाठी हमी मिळवली.

भारतात कंटेनर प्रथम १९७३ साली कोचीन बंदरात उतरला. मुंबईसमोर न्हावा-शेवा येथील बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. ते मुळातच कंटेनर डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले होते. बाजारपेठांत, गुदामांत डोक्यावर बोजा वाहणाऱ्या माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला, आणि अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या चळवळीचा त्यात मोठा वाटा होता. कामाची नोंदणी, मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी यांची व्यवस्था त्यातून झाली. श्रम वाचवणारे यंत्र आले तर वाचलेल्या श्रमाचा लाभ कोणाला, हा प्रश्न यारीला सोडवता येत नाही. तो कायद्याने आणि संघटनेनेच सोडवावा लागतो.

बंद दारामागे काय घडते?

पेटी बंद झाल्यावरही आतले पदार्थविज्ञान थांबत नाही. दोन उदाहरणे वर्गात घेण्याजोगी आहेत.

पहिले जडत्वाचे. २०१४ साली तीन आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून पेट्या भरण्याची एक संहिता प्रसिद्ध केली. ट्रकने जोराचा ब्रेक लावला तर वस्तूच्या वजनाच्या ०.८ पट बल तिला पुढे ढकलू शकते, असे त्यात धरले आहे. म्हणजे १०० किलोचे कपाट जणू ८० किलोच्या भाराने पुढच्या वस्तूंवर रेलते. मधे फट असेल तर ते आधी वेग घेते आणि मग आदळते. म्हणून फट राहू द्यायची नाही. गाद्या, उशा, गोधड्या यांनी ती बुजवायची. जड वस्तू तळाशी आणि दोन्ही बाजूंना सारख्या वाटून ठेवायच्या. गुरुत्वमध्य एका बाजूला गेला तर चार कोपऱ्यांवर उचललेली पेटी कलते.

दुसरे उदाहरण पाण्याचे. वीस फुटी पेटीची आतली जागा सुमारे ३३ घनमीटर. समजा, सामान भरल्यावर १५ घनमीटर हवा उरली. ३० अंश सेल्सियसला एक घनमीटर संपृक्त हवेत साधारण ३० ग्रॅम बाष्प असते. म्हणजे सगळ्या हवेत मिळून जास्तीत जास्त ४५० ग्रॅम, अर्धा लिटरही नाही. मग समुद्रप्रवासानंतर गाद्या ओल्या का निघतात? उत्तर लाकडात आहे. वरून कोरड्या दिसणाऱ्या लाकडातही वजनाच्या दहा-बारा टक्के पाणी असते. पाचशे किलो फर्निचर असेल तर त्यात ५० किलोच्या आसपास पाणी झाले. दिवसा छप्पर तापते, आतले लाकूड व कापूस बाष्प सोडतात. रात्री पत्रा दवबिंदूखाली उतरतो, बाष्प त्यावर जमते आणि थेंब सामानावर पडतात. वाहतूकदार याला कंटेनरमधला पाऊस म्हणतात. ढग, पाऊस आणि पुन्हा बाष्पीभवन, हे जलचक्र एका बंद पेटीत रोज फिरत राहते.

पेटी पुन्हा दाराशी

व्यापाराने पेटी मोठी केली, पण ती घराच्या दारापासून दूर गेली. १९९८ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका कंपनीने तिला परत दाराशी आणले. ट्रकवर बसवलेली द्रवदाबावर चालणारी चौकट पेटीला चारही बाजूंनी धरते आणि न कलू देता अंगणात उतरवते. घरच्या माणसांनी सवडीने, हवे तितके दिवस घेऊन ती भरायची. मग कंपनी ती उचलून गुदामात ठेवते किंवा नव्या गावी नेते.

आपले सूत्र येथे मोडले असे वाटेल, कारण वाहन तर एकच, ट्रक. पण नीट पाहिले तर तसे नाही. जुने घर सोडले आणि नवे अजून मिळाले नाही, तर सामान मधे कोठे तरी ठेवावे लागते. ट्रक, गुदाम, पुन्हा ट्रक, असे तीन टप्पे होतात. थांबणे हाही प्रवासाचा एक टप्पाच असतो. मोकळे सामान गुदामात न्यायचे तर २ × २०० × ३, म्हणजे १२०० वेळा उचलावे लागेल. पेटीसह ४०६ वेळाच.

मात्र या ४०६ मधले ४०० पाहा. ते १८३० मध्ये होते, १९५६ मध्ये होते आणि आजही आहेत. दोन शतकांत मधली उचलाउचल संपली, पण पहिला आणि शेवटचा हात काही सुटला नाही. हमालाने, गोदी कामगाराने कमावलेले कौशल्य, म्हणजे काय खाली ठेवावे, कशाशेजारी काय असू नये, गाठ कोठे मारावी, हे आता त्या दोन टोकांना लागते. पूर्वी ते बांधाबांध करणाऱ्या कामगाराकडे असे. दाराशी आलेली पेटी ते घरातल्या माणसांकडून मागते.

वर्गात एक प्रयोग करून पाहता येईल. मुलांना आपापल्या घरातल्या एका खोलीची यादी करू द्या: वस्तू, अंदाजे वजन, लांबी-रुंदी-उंची. सगळ्यांचे घनफळ काढून बेरीज करा आणि किती घनमीटरांची पेटी लागेल ते सांगायला सांगा. मग चहाची किंवा बिस्किटांची रिकामी खोकी घेऊन प्रत्यक्ष रचून पाहा. खुर्चीच्या पायांमधली पोकळी बेरजेत येत नाही, पण पेटीत जागा खाते, हे त्यांना लगेच दिसेल. शेवटी एक प्रश्न विचारा: या यादीतली कोणती वस्तू हरवली तर पैशाने भरून येणार नाही? त्या वस्तूला वजन आणि घनफळ किती, तेही यादीत पाहायला सांगा. बहुधा ती सर्वांत लहान वस्तूंपैकी एक निघेल.